माझं झालंय

आमच्या घरात वर्ष मोजायच्या चार पद्धती आहेत. बाबूजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वर्ष दिवाळीला सुरू होतं, कारण रिंग रोडच्या कापड मार्केटातल्या आमच्या आडतीच्या दुकानाची नवी वही लाभपंचमीला उघडते. माझ्या नवऱ्याचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, कारण जीएसटी आणि सीए. मुलांचं वर्ष जूनमध्ये, शाळेच्या घंटेबरोबर. आणि आम्हा दोघी जावांचं वर्ष उन्हाळ्यातल्या पापड-शेवयांपाशी सुरू होऊन पुढच्या पापड-शेवयांपाशी संपतं. मधे काय झालं ते विचारलं तर आठवत नाही, सारखी चहाची भांडी घासल्याचं तेवढं आठवतं.

2023 च्या मार्चमध्ये मात्र घरात एक पाचवं वर्ष सुरू झालं. ते बाईंचं होतं.

सासूबाईंना आमच्याकडे सगळेच 'बाई' म्हणतात, नातवंडांपासून वॉचमनपर्यंत. तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट. माहेर अमळनेरकडचं, सासर नंदुरबारचं, आणि गेली तीस वर्षं मुक्काम सुरतेत पर्वत पाटियाला. खानदेशातले पाहुणे पहिल्यांदा येतात तेव्हा गॅलरीत उभे राहून डोंगर शोधतात. डोंगर नाही. पर्वत हे गावाचं नाव, आणि पाटिया म्हणजे आपल्याकडचा फाटा. इथे उंच काही असेल तर इमारती, आणि टेम्पोत रचलेली साड्यांची पार्सलं.

तर होळी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "येत्या अष्टमीपासून मी वर्षीतप घेतेय."

'उद्या गिरणीत दळण टाकायचंय' हे लोक ज्या आवाजात म्हणतात, त्याच आवाजात.

बाबूजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "वर्षीतप म्हणजे वर्षभर ना?"

"तेरा महिने. थोडे वरती."

"नाव वर्षाचं आणि दिवस तेरा महिन्यांचे? आपल्या मार्केटसारखंच की हे. बोलायचे नव्वद दिवस, पैसे एकशेवीस दिवसांनी."

माझी मुलगी कॉलेजात आहे, तिला हिशेबाचा भारी सोस. तिने भिंतीवरचं कालनिर्णय चाळलं आणि म्हणाली, "बाई, यंदा अधिक श्रावण आहे. तेरा नाही, चौदा महिने होतील." थोडं थांबून पुढे, "आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीसचा आहे."

"फेब्रुवारीचं मला सांगू नकोस," बाई म्हणाल्या, "माझा हिशेब तिथीचा."

"घ्या," बाबूजी म्हणाले, "पार्टीने सुरुवातीलाच मुदत वाढवून मागितली."

आपल्या वाचक मैत्रिणींना वर्षीतप समजावून सांगायला नको, पण घरात नव्या आलेल्या सुनांसाठी सांगते. फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू, पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणा. लागोपाठ दोन दिवस जेवायचं नाही. मोठी तिथी जेवणाच्या दिवशी आली तर लागोपाठ दोन उपवास, म्हणजे बेला. उपवासाला फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. बियासणा म्हणजे दिवसातून दोनदाच बसायचं. एकदा बसलं की उठायचं नाही, उठलं की जेवण संपलं. या शेवटच्या नियमाने आमच्या घरात काय गोंधळ केला ते पुढे येईलच.

पहिला आठवडा सगळ्यांनी फार गंभीरपणे काढला. दुसऱ्या आठवड्यात तारखा चुकायला लागल्या. सोमवारी उपवास असेल तर पुढच्या सोमवारी जेवण, हे गणित कुणाच्या डोक्यात बसेना. शेवटी धाकट्या जावेच्या मुलाकडे, तेव्हा दुसरीत जाणाऱ्या आमच्या चिरंजीवांकडे, काम दिलं. आमच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचा गुजराती दट्टा टांगलेला असतो. त्याने महिन्याभराच्या पानांवर आधीच चित्रं काढून ठेवली. जेवणाच्या दिवशी ताट, उपवासाच्या दिवशी पाण्याचा पेला. ताटातल्या पोळ्या तो स्वतःच्या आवडीप्रमाणे कमीजास्त काढायचा.

मग हे घराबाहेर गेलं. समोरच्या दारातली गुजराती भाभी सकाळी दार उघडलं की विचारायची, "आजे पारणुं ने, बा?" पारणं असेल तर तिच्याकडून मुगाचं काहीतरी वाटीभर यायचंच. लिंबायतहून भाजी घेऊन येणारी मावशी आमच्याच खानदेशची. ती टोपली उतरवायच्या आधी अहिराणीत विचारायची, "आज बाईना उपास शे का जेवन?" वॉचमन लिफ्टपाशी विचारायचा. इस्त्रीवाला कपडे मोजता मोजता विचारायचा. बाई आज जेवणार की नाही, हे सगळ्या बिल्डिंगला तोंडपाठ झालं.

आणि इथेच मला पहिल्यांदा गंमत वाटायला लागली. कारण त्याच्या आधीच्या अठ्ठेचाळीस वर्षांत, म्हणजे बाई लग्न होऊन या घरात आल्यापासून, त्या केव्हा जेवतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्याच घरचं नाही, तुम्हीही जरा आठवून बघा. आपल्या घरांतली मोठी बाई केव्हा जेवते? सगळ्यांचं झाल्यावर. कुठे? ओट्यापाशी उभ्याने, नाहीतर पातेल्याच्या शेजारी पाटावर. काय? जे उरलं ते. आणि कुणी चुकून विचारलंच, तर एक वाक्य तयार असतं, "माझं झालंय, तुम्ही बसा." बाईंचं हे वाक्य इतकं पाठ होतं की सकाळी दहा वाजता विचारलं तरी तेच, रात्री पाहुणे आले तरी तेच. कुणी कधी पडताळून पाहिलं नाही. कोण पाहणार? घराची तशी रीतच. माझ्या आईचंही हेच वाक्य होतं, तिच्या सासूचंही असणार.

पण पचक्खाण घेतलं की खोटं चालत नाही. उपवास म्हणजे उपवास, बियासणा म्हणजे बियासणा. त्यामुळे मार्च 2023 पासून 'माझं झालंय' हे वाक्य आमच्या घरातून बंद झालं. तपाचा हा परिणाम कोणत्याही व्याख्यानात मी ऐकलेला नाही.

आता उन्हाळ्याचं सांगते. उपवासाचं उकळलेलं पाणी. त्यालाही मुदत असते, उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. प्रहर तीन तासांचा धरला तर पंधरा, बारा आणि नऊ तास. त्याच्या पुढे ते पाणी चालत नाही. पहाटे उकळायचं, परातीत ओतून गार करायचं, मग माठात. आमच्याकडे माठ दोन झाले, एक बाईंचा आणि एक बाकी जगाचा. सुरतेच्या मे महिन्यात गार पाणी बघितलं की माणसाला नियम आठवत नाही. माझे दीर दुपारी घरी आले की सरळ बाईंच्या माठाला हात घालायचे. मुलीने मग दुकानातून पार्सलवर चिकटवायची पावती आणली आणि माठावर लावली, 'माल बाईंचा. हात लावू नये. मुदत रात्री 9.'

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. तपस्व्याची शाता विचारायला लोक येतात, ही किती चांगली पद्धत. पण जो जेवत नाही त्याच्या घरी येणारे सगळे जेवूनच जातात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नंदुरबारहून, दोंडाईचाहून, अमळनेरहून, भुसावळ गाडीला बसून उधन्याला उतरायचे आणि तिथून रिक्षाने आमच्याकडे. दारात पाऊल ठेवताच, "बाई, शाता आहे ना?" आणि पाठोपाठ माझ्याकडे बघून, "काही करू नकोस हं, नुसती खिचडी टाक." नुसती खिचडी म्हणजे खिचडी, कढी, पापड, शेवेची भाजी, फुलके, आणि बच्चे कंपनीसाठी काहीतरी गोड. घरात एक माणूस एक दिवसाआड जेवत होतं आणि गॅसचं सिलिंडर बावीस दिवसांऐवजी चौदा दिवसांत संपत होतं. नवऱ्याने मला एकदा साधा प्रश्न विचारला, "एक माणूस कमी जेवतंय, तर किराणा वाढला कसा?" मी त्याला म्हटलं, सीएला विचार.

आणि तिसरी गोष्ट फक्त सुनांनाच कळेल. आम्हा दोघींना वाटलं होतं, उपवासाच्या दिवशी बाई आराम करतील. सामायिक, वाचन, दुपारची झोप. कसलं काय. जेवणात आणि जेवणाच्या तयारीत माणसाचे किती तास जातात ते तेव्हा कळलं, कारण ते सगळे तास बाईंच्या हाती मोकळे आले. त्यांनी माळा काढला. माळ्यावरचं 1998 चं पितळ काढलं. ते घासायला आम्हाला लावलं. मग कपाटं काढली. माझ्या जावेच्या कपाटात किती साड्या घडी न मोडलेल्या आहेत याची त्यांनी मोजदाद केली आणि साडीच्या व्यापाऱ्याच्या घरात तो आकडा मोठ्याने वाचला. जाऊ सुरतेचीच, मराठी बोलते पण रागावली की गुजरातीत जाते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती गुजरातीत होती. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "भाभी, बाईंनी रोज जेवावं असं मला मनापासून वाटतं."

दिरांनी एकदा आईच्या सोबतीने उपवास करायचा ठरवला. सकाळी व्याख्यान ऐकून आले होते, भाव चढते होते. अकरा वाजता दुकानातून फोन, "बियासणा पण चालतो ना?" एक वाजता, "एकासणा म्हणजे नक्की काय?" चार वाजता स्वतःच घरी आले आणि फ्रिजकडे तोंड करून आडवे झाले. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे रे. तू दुकान सांभाळ, तेही तपच आहे." त्या दिवशी बाईंचाही उपवास होता. त्या नुकत्या माळ्यावरून उतरल्या होत्या.

मग पावसाळा आला. आमच्या भागात पावसाळा म्हणजे खाडीकडे लक्ष. वरून चार तास पडला की खालच्या रस्त्यांवर पाणी, आणि त्यातून साड्यांची पार्सलं डोक्यावर घेऊन जाणारी माणसं. त्यात तो अधिक महिना, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. आपल्या खानदेशात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला बोलावून अनारसे खायला घालतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक जावई आलाही होता. तुपाचा वास जिन्याने वर यायचा. बाई म्हणाल्या, "वासाला पचक्खाण लागत नाही," आणि खिडकी उघडीच ठेवली.

त्याच महिन्यातल्या एका सकाळी, बेल्यानंतरच्या पारण्याच्या दिवशी, बाई देवघरातून उठल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. तेवढंच. पडल्या नाहीत. पण आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. डॉक्टर आले. रक्तदाब खाली गेला होता. त्यांनी रक्तदाबाच्या गोळीचा डोस कमी केला, उपवासाला पाणी किती प्यायचं ते मोजून सांगितलं, पारण्याला मीठ आणि मुगाचं पाणी नीट जायला हवं म्हणाले, दर महिन्याला तपासणी ठरवली. जाताना दारात म्हणाले, पुन्हा चक्कर आली तर थांबवायचं.

ते गेल्यावर घरात जी सभा भरली ती सूर्यास्तापर्यंत चालली. दीर म्हणाले, आता पुरे, भाव पोहोचला. माझा नवरा म्हणाला, अर्ध्यावर सोडलं तरी पाप नाही. नणंदबाई जळगावहून व्हिडिओ कॉलवर, डोळ्यांत पाणी आणि कॅमेरा छताकडे. बाबूजी एक शब्द बोलेनात.

बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग अगदी हळू, न रागावता म्हणाल्या, "ताईच्या लग्नात मी दोन दिवस जेवले नव्हते. तुझ्या टायफॉइडमध्ये तीन दिवस. दुकानाला आग लागली होती तेव्हा किती, ते मलाही आठवत नाही. तेव्हा कुणी डॉक्टर नाही बोलावला रे."

कुणी काही बोललं नाही. व्हिडिओ कॉलवर नणंदबाईंचा पंखा तेवढा फिरताना दिसत होता.

मग त्याच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तसं सगळं करेन. पुन्हा चक्कर आली तर मीच थांबेन, शब्द आहे. पण आज नाही." आणि दट्ट्यावर ताट होतं म्हणून जेवायला बसल्या.

बाबूजींनी त्या दिवशीही काही म्हटलं नाही. त्यांनी जे केलं ते असं. दुसऱ्या पारण्याला संध्याकाळी सव्वासहाला दाराची बेल वाजली. बघते तर बाबूजी, हातात दुकानाची पिशवी. सीझन सुरू असताना आठच्या आधी मार्केट सोडलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. हातपाय धुतले, बाईंच्या समोर बसले आणि म्हणाले, "मला पण आत्ताच वाढ." त्यानंतर पारण्याची एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. शेजारच्या गाळ्यातले विचारायचे, "शेठ, इतक्या लवकर?" तर म्हणायचे, "घरी पेमेंट आहे." उन्हाळ्यात सुरतेला सूर्य सवासात वाजेपर्यंत तरी थांबतो, डिसेंबरात मात्र सहालाच मावळतो. सहारा दरवाजाची गर्दी ओलांडून वेळेत पोचायचं म्हणून ते हिवाळ्यात पावणेपाचलाच निघू लागले. मग एकटे बाबूजी कशाला, म्हणून एक मुलगा यायला लागला, मग दुसरा. नऊ माणसांचं आमचं घर, पण सगळी एका वेळी पानावर बसलेली मी लग्नातल्या फोटोंतच पाहिली होती. 2023 च्या हिवाळ्यात ती एक दिवसाआड बसत होती.

आणि आता तो नियम. एकदा बसलं की उठायचं नाही.

बाई बसल्या की बसल्याच. मीठ लागलं, उठता येत नाही. बाबूजींना पापड हवा, उठता येत नाही. कुकरची शिट्टी झाली तर त्यांच्या गुडघ्याला आपोआप झटका बसायचा, पण उठता येत नाही. त्यांना वाढावंच लागायचं. पहिल्या दिवशी तव्यावरचा फुलका मी थेट त्यांच्या ताटात टाकला. त्यांनी बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"काय झालं बाई?"

"काही नाही गं. इतकी गरम खायची सवय नाही."

त्या हसत म्हणाल्या, म्हणून आम्हीही हसलो. जाऊ तव्याकडे तोंड करून बराच वेळ फुलका शेकत होती. तो जळला.

सणांचं सांगितलं नाही तर सुरतेचा अपमान होईल. नशीब असं की त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक खाण्याचा सण पेल्याच्या पानावर आला. चांदी पडव्याला सगळं सुरत घारी खातं, तूप थिजलेली ती मावा-पिस्त्याची घारी, आणि बाई समोर बसून सांगत होत्या की मागच्या वर्षीची जास्त चांगली होती. हिवाळ्यात पोंक आला, म्हणजे आपला हुरडाच, शेव आणि लिंबू घालून, तोही पेल्याच्या दिवशी. उत्तरायणाने मात्र न्याय केला. सुरतेत पतंग दोन दिवस उडतात, चौदाला उत्तरायण आणि पंधराला वासी उत्तरायण. त्यामुळे एक दिवस तरी ताट येणारच होतं. ते चौदाला आलं, रविवारी. कांदा-बटाटा-कंद नसलेलं, कच्च्या केळ्याचं जैन उंधियु बाईंनी दुपारी गच्चीवर बसून खाल्लं नाही, कारण दुसरं बसणं संध्याकाळचं होतं. त्या गच्चीच्या कोपऱ्यात कात्री घेऊन, पाखरांच्या पायांत अडकेल म्हणून तुटका मांजा गोळा करत राहिल्या. संध्याकाळी पावणेसहाला गच्चीवरूनच ओरडल्या, "खाली चला सगळे, माझी वेळ झाली." आणि पेच अर्धवट सोडून तीन पुरुष खाली आले. हे आमच्या बिल्डिंगच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे.

पारण्याच्या आधी महिनाभर व्याख्यानात आदिनाथ भगवंतांची कथा चालू होती. आमचे चिरंजीव बाईंच्या मांडीवर बसून ऐकत होते. भगवंत दीक्षा घेऊन भिक्षेला निघाले. लोकांना साधूला काय द्यायचं तेच ठाऊक नव्हतं. कुणी हत्ती पुढे केला, कुणी घोडे, कुणी रत्नं, दागिने. भगवंत काही न घेता पुढे चालत राहिले. असं वर्षाहून जास्त. शेवटी हस्तिनापुरात त्यांचा पणतू श्रेयांसकुमार, त्याने उसाचा रस दिला.

घरी आल्यावर पोराने विचारलं, "म्हणजे त्यांना भूक लागलीय का, हे कुणी विचारलंच नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"हत्ती दिला आणि जेवण नाही दिलं?"

"मोठी माणसं दिसली की लोक मोठंच काहीतरी देतात बाळा."

त्या वेळी समोरच्या पलंगावर नातेवाइकांकडून पारण्यासाठी आलेल्या साड्या रचलेल्या होत्या. साडीच्या गावात, साडीच्या घरात, एकेचाळीस साड्या. तीन चांदीच्या वाट्या. एक भिंतीवरचं घड्याळ. जावेने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "हत्ती मोजून ठेवायला हवेत भाभी, परत द्यायचे असतात."

10 मे 2024, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. भर उन्हाळ्यातली सकाळ, मंडपात तपस्व्यांची रांग, प्रत्येकाच्या भोवती गोतावळा. उसाच्या रसाचा पहिला घोट बाबूजींनी दिला. त्यांचा हात थरथरत होता, थोडा रस बाईंच्या नव्या साडीवर सांडला. एरवी साडीवर डाग पडला तर बाबूजी आधी कापडाची क्वालिटी सांगतात. त्या दिवशी खिशातला रुमाल काढून पुसत राहिले. मग मुलांनी, मग आम्ही, मग नातवंडांनी रस दिला. चौदा महिन्यांचं तप पुरं झालं. आता बाई काही तरी मोठं बोलतील म्हणून नणंदबाईंनी मोबाइल समोर धरला. बाईंनी तोंड पुसलं, आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?"

तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे. शेवटी माझ्या जावेचं उत्तर ऐकू येतं, "आमचं झालंय बाई." झालेलं नव्हतं.

त्यानंतरचा चौथा की पाचवा दिवस. पाहुणे गेले होते, घर आपल्या मूळ आवाजात आलं होतं. दुपारी एक वाजता पानं मांडली. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. सहज, अगदी सवयीने म्हणाल्या, "माझं झालंय, तुम्ही बसा."

चिरंजीव ताटावरून उठले. "कधी?"

"मगाशी."

"किती वाजता? काय खाल्लं?" आणि दट्ट्याकडे बोट करून, "मी तर आज ताट काढलंच नाही."

बाईंनी बाबूजींकडे बघितलं. बाबूजी त्या दिवसांत दुपारीही घरी यायला लागले होते. त्यांनी काही न बोलता शेजारचा पाट पायाने पुढे सरकवला. बाई बसल्या. फुलका गरम होता. त्यांनी फुंकर मारली आणि खाल्ला.

आता दट्ट्यावर पेला निघत नाही, पण ताटं निघतात. आधी एक असायचं. मग एका दुपारी मुलीने मला विचारलं, "मम्मी, तुझं झालं का?" मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, "झालंय गं." चिरंजीव पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभेच होते. हल्ली पानावर तीन ताटं असतात, बाईंचं, माझं आणि त्याच्या आईचं. आमचं ज्याचं त्याचं जेवण झालं की तो समोर येऊन त्यावर बरोबरची खूण करतो. रात्री पान फाडायच्या आधी बाबूजी चष्मा लावून खुणा तपासतात, वहीतली जमा तपासतात तसं. एखादी राहिली असेल तर त्या दिवशी पान फाडलं जात नाही.